जीवशास्त्राचे वार्षिक नियोजन आणि सोळाव्या पाठाचा प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की कोणत्याही माध्यमिक विद्यालयाच्या शिक्षककक्षात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, पोर्शन कुठवर आला?" मार्चअखेर त्याचे उत्तर मिळते : "संपला." हा 'संपला' शब्द आम्ही गेली कित्येक वर्षे ऐकत आणि उच्चारत आलो आहोत. पाठ्यपुस्तकाचे शेवटचे पान उलटले, टाचणवहीत तारखा भरल्या, मुख्याध्यापकांची स्वाक्षरी झाली, म्हणजे अभ्यासक्रम संपला. परंतु तो कोणाचा संपला? शिक्षकाचा की विद्यार्थ्याचा? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. तो एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारायला लावला.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. जीवशास्त्राच्या नियोजनावर आम्ही लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु विद्यालयाचे वेळापत्रक आणि वार्षिक नियोजन तपासण्याचे काम आमच्याकडे असताना जे घडले, त्याची जबाबदारी आम्हांला टाळता येत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात वसतिगृहातील मुलांची सिकलसेलसाठी रक्ततपासणी झाली. दहावीतील एक मुलगा वाहक निघाला. आजारी नव्हे, केवळ वाहक. चिठ्ठी हाती पडल्यापासून तो तीन दिवस धड जेवला नाही, कोणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी भोजनगृहातील मावशींना तो म्हणाला, "मावशी, माझ्या रक्तात खोट आहे. मी काही जगत नाही." मावशींनी ते आमच्या कानी घातले. आम्ही त्याची मागील वर्षीची चाचणीची उत्तरपत्रिका काढून पाहिली. 'सिकलसेल ॲनिमियावर टीप लिहा' या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण होते. वाहक आणि रुग्ण यांतील फरक त्याने स्वच्छ अक्षरात लिहिला होता. मग त्याच फरकाने त्याला धीर का दिला नाही? आम्ही टाचणवही पाहिली. तो पाठ मार्चच्या अखेरच्या आठवड्यात, दोन तासिकांत, 'संपवला' होता. त्या नियोजनावर आमची सही होती.

सोळावा पाठ कोठे आहे?

नववीचे विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे चालू पाठ्यपुस्तक २०१७ पासून आणि दहावीचे २०१८ पासून आपल्या हाती आहे. नववीच्या पुस्तकात अठरा पाठ आहेत. त्यांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एकत्र गुंफलेले आहे. 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा त्यातील सोळावा पाठ. गुणसूत्रे, डीएनए, मेंडेलचे प्रयोग आणि आनुवंशिक विकृती यांची विद्यार्थ्यांशी खरी भेट येथे होते. पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने शिकवत गेले की हा पाठ नेमका अशा वेळी येतो, जेव्हा वार्षिक परीक्षा उंबरठ्यावर असते आणि मुलांचे व शिक्षकांचे चित्त उजळणीकडे लागलेले असते.

दहावीत भाग २ चा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. क्रमाने शिकवल्यास तो शाळा उघडताच सुरू होतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आपल्यासारख्या निवासी विद्यालयात पुढचे दोन-तीन आठवडे मुले येतच असतात. कोणाची पेरणी आटोपायची असते, कोणाचे दाखले मिळायचे असतात, कोणाचे आईवडील वीटभट्टीवरून उशिरा परततात. म्हणजे आनुवंशिकतेचा पूर्वार्ध नववीच्या शेवटच्या घाईत आणि उत्तरार्ध दहावीच्या पहिल्या गोंधळात सापडतो. पुस्तकाचा यात दोष नाही. पाठांचा क्रम हा छपाईचा क्रम असतो. अध्यापनाचा क्रम शिक्षकाने आपली मुले, आपला परिसर आणि आपले दिवस पाहून ठरवायचा असतो. आम्ही तो ठरवला नव्हता, अनुक्रमणिकेने आमच्यासाठी ठरवला होता.

आधी काय, मग काय?

नियोजनाचा पहिला प्रश्न 'किती तासिका' हा नसून 'कशाच्या आधी काय' हा आहे. मेंडेलचा प्रयोग समजायचा तर आईकडून अर्धी आणि वडिलांकडून अर्धी गुणसूत्रे येतात, ही गोष्ट मुलाला पटलेली हवी. ती पटायची तर युग्मक तयार होताना गुणसूत्रांची संख्या ४६ वरून २३ होते, हे ठाऊक हवे. यालाच अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. पेशीविभाजनाचा हा भाग सविस्तर येतो तो दहावीच्या भाग २ मधील दुसऱ्या पाठात. म्हणजे नववीतील मुलगा मेंडेलचे ३:१ हे गुणोत्तर पाठ करतो, तेव्हा ते ज्या क्रियेतून येते ती क्रिया त्याने पाहिलेलीच नसते. आणि दहावीत पहिला पाठ आधी व दुसरा नंतर घेतला तर तीच चूक पुन्हा होते.

यावरून आम्ही दोन निर्णय घेतले. नववीत सोळाव्या पाठाच्या आरंभी एक संपूर्ण तासिका केवळ 'अर्धे-अर्धे' या कल्पनेला द्यायची. रंगीत लोकरीचे तुकडे गुणसूत्रे म्हणून घ्यायचे, जोड्या लावायच्या, वाटायच्या आणि पुन्हा जुळवायच्या. आणि दहावीत दुसरा पाठ आधी, पहिला नंतर. शाळा उघडल्यावरचे पहिले दिवस नव्या पाठासाठी न वापरता नववीच्या उजळणीसाठी वापरायचे, म्हणजे उशिरा पोहोचणाऱ्या मुलाचे नवे काही बुडत नाही.

वेळेचा हिशेब

दहावीच्या भाग २ मध्ये दहा पाठ आणि लेखी परीक्षेत ४० गुण आहेत. जुलैच्या आरंभापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सुमारे चोवीस आठवडे मिळतात. त्यांतून दिवाळीची सुट्टी, सहामाही परीक्षा, क्रीडासप्ताह आणि जयंती-उत्सवांचे दिवस वजा केले की हाती सतरा आठवडे उरतात. आठवड्याला तीन तासिका धरल्या तर एकूण ५१. जानेवारीत सराव परीक्षा आणि त्यानंतर प्रात्यक्षिके, म्हणून पुढचा काळ उजळणीचा समजावा.

सरळ भागाकार केला तर प्रत्येक पाठाला पाच तासिका येतात. बहुतेक नियोजनांत हेच होते आणि येथेच अन्याय घडतो. सर्व पाठ सारखे नसतात. काही पाठ मुलाच्या अनुभवातून उमलतात, काही पाठांत प्रत्येक ओळीला नवी संज्ञा अडवते. 'आपत्ती व्यवस्थापन' वाचून आणि चर्चा करून समजते. 'प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण' ही प्रथिननिर्मितीची साखळी वाचून समजत नाही. म्हणून आमची वाटणी अशी झाली : नववीची उजळणी ४ तासिका, पाठ २ ला ६, पाठ १ ला ७, पाठ ३ ला ७, प्राण्यांच्या वर्गीकरणाला ५, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञानाला ४, सूक्ष्मजीवशास्त्राला ३, पर्यावरणीय व्यवस्थापनाला ३, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन यांना प्रत्येकी २. ही बेरीज ४५ होते. उरलेल्या ६ तासिका आम्ही कोणत्याही पाठाला दिल्या नाहीत. त्या राखीव आहेत.

या राखीव तासिकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. पावसाने नाल्याला पूर आला, शिक्षकांना निवडणुकीचे काम लागले, वर्गात तापाची साथ आली, तर त्या कामी येतात, हे उघड आहे. परंतु त्यांचा खरा उपयोग निराळा आहे. प्रत्येक मोठ्या पाठाच्या मध्यावर पाच प्रश्नांची तोंडी तपासणी घ्यावी आणि वर्गातील तिसरा हिस्सा मुले अडखळली तर पुढे न जाता एक राखीव तासिका तेथेच खर्च करावी. वेग शिक्षकाच्या घड्याळाने न ठरवता मागे राहिलेल्या मुलाच्या पावलांनी ठरवायचा, हा त्यामागील हेतू. जे नियोजन एकही दिवस मोकळा ठेवत नाही, ते कागदावर कितीही भरगच्च दिसले तरी पहिल्याच अडचणीत कोलमडते. आणि कोलमडते तेव्हा शेवटचा पाठ आणि शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी हे दोघेच त्याखाली सापडतात.

ऋतूचा हिशेब

जीवशास्त्र हा ऋतूंचा विषय आहे. भूमिती मे महिन्यातही शिकवता येते, शेवाळ येत नाही. नववीचा वनस्पती वर्गीकरणाचा पाठ जुलै-ऑगस्टमध्ये घेतला तर विहिरीच्या कठड्यावरील शेवाळ, भिंतीच्या फटीतील नेचे आणि लाकडावरील बुरशी विनामूल्य प्रयोगशाळा होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेजारच्या शेतातील सोयाबीनचे एक रोप हलक्या हाताने उपटून धुतले की मुळांवरील गाठी दिसतात. त्या गाठींत रायझोबिअम जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधून ठेवतात, हे मग फळ्यावर लिहिण्यापुरते राहत नाही. दहावीचा प्रजननाचा पाठ जास्वंद बहरात असताना घ्यावा, पानफुटीचे पान ओल्या मातीवर ठेवून आठवडाभर पाहावे. कांदा पाण्यावर टेकवून ठेवला की तीन-चार दिवसांत कोवळी मुळे फुटतात. सूत्री विभाजन जेथे चालते ते मुळाचे टोक मुलांना हातात धरता येते.

नववीच्या सोळाव्या पाठासाठी आम्ही नोव्हेंबरचा तिसरा आठवडा निवडला. त्याला कारणे आहेत. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा हजेरी निम्मी असते. कापसाची वेचणी चालू असते आणि पालक मुलांना चार दिवस अधिक ठेवून घेतात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. म्हणून त्या आठवड्यात नवा पाठ सुरू करायचा नाही, प्रात्यक्षिके आणि वह्यांची पूर्तता करायची. त्यानंतर तीन आठवडे, नऊ तासिका, केवळ आनुवंशिकतेला. नोव्हेंबरअखेरीस बाजारात हिरवा मटारही येऊ लागतो. मेंडेलचा पाठ आणि मटारची शेंग एकाच वेळी मुलाच्या हाती पडतात.

नऊ तासिकांत काय करावे?

पहिली तासिका पूर्वज्ञानाची, पुढील दोन गुणसूत्रे व डीएनएच्या, चौथी 'अर्धे-अर्धे'ची. पाचव्या व सहाव्या तासिकेत मेंडेल. ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे वाटाण्यावर प्रयोग केले. १८६५ साली ते वाचून दाखवले आणि १८६६ साली छापले. विद्वानांनी त्यांची दखल घेतली ती १९०० साली, मेंडेल यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगात त्यांनी दुसऱ्या पिढीचे ७,३२४ दाणे मोजले. ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. भागाकार करून पाहावा, २.९६ येतो. ३ येत नाही. मुलांना हा आकडा आवर्जून दाखवावा. निसर्गाचा नियम आणि मोजणीत आलेली संख्या यांत थोडे अंतर असते, हे प्रामाणिक विज्ञान त्यातून शिकवता येते.

शेंग सोलल्यावर एक प्रश्न विचारावा : एका शेंगेतले हे सात दाणे म्हणजे एक अपत्य की सात? मुले सहसा 'एक' म्हणतात. प्रत्येक दाणा स्वतंत्र फलनातून झालेला, म्हणजे ही सात भावंडे, हे कळले की पुढचे सारे सोपे होते.

सातवी तासिका नाण्यांची. प्रत्येक मुलाजवळ दोन नाणी. एक आईचे, एक वडिलांचे. छापा म्हणजे सामान्य जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे जनुक. आई आणि वडील दोघेही वाहक आहेत असे मानायचे. दोन्ही नाणी एकदम उडवायची. दोन्ही छापे आले तर अपत्य निरोगी आणि वाहकही नाही. एक छापा व एक काटा आला तर वाहक. दोन्ही काटे आले तर रुग्ण. प्रत्येकाने वीस वेळा उडवून नोंद करायची. चाळीस मुलांच्या वर्गात ८०० नोंदी होतात. एखाद्याच्या वहीत 'रुग्ण' दोनदाच येतो, एखाद्याच्या वहीत नऊ वेळा. सर्वांची बेरीज फळ्यावर मांडली की आकडे २००, ४०० आणि २०० यांच्या आसपास येतात. मेंडेलला सात हजारांवर दाणे का मोजावे लागले, हे मुले तेव्हा स्वतःच सांगतात.

या तासिकेत एक गैरसमज मुळासकट उपटता येतो. 'चारांत एक' याचा अर्थ पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा अनेक घरांत घेतला जातो. नाणे मागचे काही लक्षात ठेवत नाही. प्रत्येक गर्भधारणेत ती शक्यता पुन्हा २५ टक्केच असते. आणि वाहक व्यक्तीचा विवाह वाहक नसलेल्या निरोगी व्यक्तीशी झाला तर सिकलसेलचे रुग्ण अपत्य होत नाही. प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी असते. आमच्या त्या मुलाला तीन दिवस जे कळले नाही, ते या दोन नाण्यांनी कळले असते.

आठव्या तासिकेत आनुवंशिक विकृती. येथे आम्ही काही पथ्ये पाळतो. कोण वाहक आहे हे वर्गात विचारायचे नाही, तपासणीची चिठ्ठी चारचौघांत वाचायची नाही. 'आपल्या घराण्याची वंशावळ काढून आणा' हा गृहपाठ द्यायचा नाही. आपल्या वसतिगृहात आईवडिलांचे छत्र हरपलेली मुले आहेत. ज्ञानाच्या नावाखाली त्यांच्या जखमेवर बोट ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याऐवजी कानाच्या पाळ्या किंवा जीभ वळवता येणे यांची वर्गातील मोजणी घेता येते. मात्र ही लक्षणे एकाच जनुकावर सरळ अवलंबून असतात असे आता मानले जात नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

एक धागा

सोळाव्या पाठाला स्वतंत्र जागा दिल्यावर आमच्या लक्षात आले की सिकलसेल हा दोन वर्षांच्या जीवशास्त्राला ओवणारा धागा होऊ शकतो. नववीत त्याचे संक्रमण समजते. दहावीच्या पहिल्या पाठात उत्परिवर्तन येते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढ्या एका बदलाने तांबडी पेशी ऑक्सिजन कमी असताना विळ्याच्या आकाराची होते. त्याच पाठात नैसर्गिक निवड आहे. वाहक व्यक्तीला तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवले. म्हणून हे जनुक आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, अरबस्तान आणि भारत अशा हिवतापग्रस्त प्रदेशांत टिकून राहिले. पुढे पेशीविज्ञानाच्या पाठात मूलपेशी आणि अस्थिमज्जेचे रोपण येते, सामाजिक आरोग्याच्या पाठात समुपदेशन येते. धागा एक असला की पाठ पुढचा असूनही परका वाटत नाही.

विदर्भातील वाचकांना हे सांगायला नको की सिकलसेल आपल्या आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत किती घरांना ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याने २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीची सोय वाढते आहे. सुरुवातीच्या विद्राव्यता चाचणीने सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनंतरच ठरते. हे वाक्य ज्या घरी पोहोचले असेल, तेथे पहिल्या चिठ्ठीवर रडारड होणार नाही.

'रक्तातली खोट' आणि बाबासाहेब

आता त्या मुलाच्या वाक्याकडे पुन्हा वळू. 'माझ्या रक्तात खोट आहे' हे शब्द त्याला कोणी शिकवले? सिकलसेल तर त्याने त्याच महिन्यात ऐकला. 'खोट' मात्र फार जुनी आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजव्यवस्थेने शतकानुशतके हेच सांगितले की गुण आणि अवगुण रक्तातून येतात. म्हणून आमच्या मुलांना आनुवंशिकतेचा पाठ अपुरा मिळणे अधिक घातक आहे. घाईत वाचलेला पाठ जुन्या समजुतीला नवे शास्त्रीय शब्द पुरवतो. पूर्ण समजलेला पाठ तिला उखडून टाकतो.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे भाषण लिहिले आणि अधिवेशन रद्द झाल्यावर स्वतः छापून प्रसिद्ध केले, त्या 'ॲनायहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जातीचे समर्थन वंशशुद्धी आणि सुप्रजननाच्या आधारे करणाऱ्यांना उत्तर दिले आहे. ते देताना त्यांनी विल्यम बेटसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या मेंडेलच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथाचा आधार घेतला. उच्च बौद्धिक गुण कोणत्याही एका सरळ रीतीने पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाहीत, हा त्यातला मुद्दा. अर्थशास्त्र, कायदा आणि इतिहास यांचा हा पंडित जीवशास्त्राचा अद्ययावत ग्रंथ उघडून बसला होता. इतिहासाच्या तासाला आम्ही हा प्रबंध अनेकदा सांगितला. परंतु मुलांना मेंडेल ठाऊक नसताना बेटसनचे नाव हवेत विरून जाई. आता सोळावा पाठ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतो आणि ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेत नववीची मुलेच हा संदर्भ उलगडून सांगतात.

तथागतांच्या वासेट्ठ सुत्ताची आठवण वर्गीकरणाच्या पाठात होते. गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद प्राणी, मासे, पक्षी यांच्या जातींची जन्मजात लक्षणे वेगवेगळी असतात, माणसामाणसांत मात्र तसा भेद आढळत नाही, असा त्या सुत्ताचा युक्तिवाद आहे. मात्र येथे आम्ही मुलांना सावध करतो. तथागतांना डीएनए ठाऊक होता, असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. त्यांनी निरीक्षण आणि तर्काचा मार्ग दाखवला. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी प्रथिनांच्या मोजणीवरून दाखवले की मानवजातीतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका समूहाच्या आतच असतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत. एकीचा आधार घेऊन दुसरीला मोठे करण्याची गरज नाही.

नववी तासिका बियांची. एकाच पुडीतील मूग दोन कुंड्यांत पेरायचे. एका कुंडीत नुसता मुरूम, दुसरीत शेणखत मिसळलेली माती. या कुंड्या दोन-तीन आठवडे आधीच, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, मांडून ठेवाव्या लागतात, हेही नियोजनच. नवव्या तासिकेला दोन्ही कुंड्या टेबलावर ठेवून एकच विचारायचे : मुरमातल्या रोपाच्या बियाण्यात दोष होता काय? यानंतर शिक्षकाने काही बोलू नये. मुले आपल्या वस्त्या, आपल्या शाळा, आपल्या आजोबांचे दिवस स्वतःच आठवतात.

निकालाचे काय?

काही सहकाऱ्यांनी शंका घेतली की हे सर्व ठीक, परंतु बोर्डाच्या निकालाचे काय? ही शंका आम्ही क्षुल्लक मानत नाही. आपल्या मुलांसाठी गुणपत्रिका हेच बहुधा एकमेव भांडवल असते. ज्यांच्या घरी दुसरी शिदोरी नाही त्यांना 'गुणांचे काय एवढे' असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. म्हणूनच दहाही पाठ शिकवायचे आहेत, एकही गाळायचा नाही. हलक्या पाठांतील तासिका अवघड पाठांना दिल्या आहेत आणि त्या पाठांची भरपाई सायंकाळच्या अभ्यासिकेत गटचर्चेने केली आहे. निवासी विद्यालयाला मिळालेली ही मोठी सवलत आहे. मात्र अभ्यासिकेत पुन्हा व्याख्यान देण्याचा मोह टाळावा. तेथे मुलांनी मुलांना समजवावे. ज्याने दुसऱ्याला समजावले, त्याला परीक्षेत ते आठवते, हा आमचा अनुभव आहे.

पुस्तके पुढे बदलतील, पाठांचे क्रमांक बदलतील. सोळावा पाठ उद्या चौथा होईल. तरीही प्रत्येक विषयात असा एक पाठ असतोच, जो आपल्या मुलांच्या जगण्याला भिडतो आणि नेमका घाईत सापडतो. तो कोणता, हे वर्षाच्या आरंभी शोधणे आणि त्याला वेळेवर, पुरेशी जागा देणे, याला आम्ही नियोजन म्हणतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांना आमची एक विनंती आहे. दिवाळीनंतर मुलांना घरी ठेवून घ्यावे लागले तर ते पहिल्या आठवड्यापुरतेच ठेवावे, तिसऱ्या आठवड्यात मूल वर्गात असलेच पाहिजे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत काम करतात, त्यांनी नोव्हेंबरअखेर एक दिवस विद्यालयासाठी काढावा. सूक्ष्मदर्शीखाली तांबड्या पेशी दाखवणारा माणूस आपल्याच वसतिगृहात वाढलेला आहे, हे मुलांनी पाहणे हाही एक पाठ आहे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. त्याची प्रकृती उत्तम आहे. विवाह ठरवताना त्याने स्वतः पुढाकार घेऊन दोन्ही घरांना तपासणीचा अर्थ समजावून सांगितला, असे त्याने आम्हांला कळवले. नाणी वापरूनच सांगितला, असेही कळवले. ती नाणी त्याच्या वर्गाला आम्ही वेळेवर दिली नव्हती. पुढच्या वर्षी धाकट्या वर्गाची तासिका चालू असताना तो दाराशी उभा राहून ती शिकला होता.

जय भीम!